मागे कोण?

६ सप्टेंबर

ताई,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. लक्षात आलं नसेल तर आता येईल.

तुझं पत्र परवा आलं. तुमच्या वसतिगृहात फोन कपाटात कुलूपबंद असतात म्हणून का होईना, वर्षभराने तू कागद हातात घेतलास. आई मशीनवर बसली होती. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि सुईत दोरा काही केल्या जाईना. मी म्हटलं, “वाचून दाखवू?” ती म्हणाली, “बरी आहे ना, तेवढं सांग.” मी म्हटलं, “बरी आहे.” कारण आई-बाबांसाठी पत्रात तेवढंच होतं, अर्धी ओळ. बाकी सगळं बेकरीवालीबद्दल.

म्हणजे तुमच्या त्या मोठ्या क्रीडाशाळेत एक जागा रिकामी आहे, तुमच्या सरांच्या डोळ्यांत आमच्या संघात सगळ्यांत पुढे पळणारी बेकरीवाली भरली आहे, आणि तिला पटवायचं काम माझं. वर तू लिहितेस, ‘तुमच्या संघात आता राहिलंय काय? ती एक आणि बाकी खोगीरभरती. आणि पाचवी कोण, तर शेपूट! पाचवीला मोजतं कोण?’

मोजतात, ताई. तुला ते माहीत नाही असं दाखवू नकोस. आता तर आईलाही कळलंय. मी तिला सांगितलं, क्रॉस कंट्रीत एकटीने पहिलं येऊन भागत नाही. शाळेच्या पाच जणी ज्या ज्या नंबराने पोचतील त्या नंबरांची बेरीज करायची. जिची बेरीज सगळ्यांत कमी ती शाळा जिंकली. चारच जणी असल्या तर बेरीजच करत नाहीत. आई म्हणाली, “म्हणजे पँटीसारखं. सगळ्या शिवणी पक्क्या असल्या आणि बुडाची एक उसवली तर घालून बाहेर जाता येतं का?” तेव्हा मी बुडाची शिवण. हसायचं तर हस.

आम्ही मात्र गेल्या वर्षी हसलो नव्हतो. शर्यतीच्याच आठवड्यातली ती सकाळ. दगडखाणीच्या फाटकापाशी आम्ही सगळ्या तुझी वाट बघत उभ्या. धुकं इतकं की फाटकाची कडीसुद्धा चाचपून शोधावी लागत होती. आपला नियम तूच केला होतास. खाणीच्या कडेने एकामागोमाग एक पळायचं, पुढचीने थोड्या थोड्या वेळाने ओरडायचं, “मागे कोण?” आणि सगळ्यांत मागे जी असेल तिने म्हणायचं, “मी!” उत्तर आलं की पळायचं, नाही आलं की थांबायचं. मी तेव्हा संघात नव्हते, नुसती तुमच्या मागे पाण्याची बाटली घेऊन पळायचे. म्हणून “मी!” म्हणणारी नेहमी मीच, आणि म्हणूनच तू माझं नाव शेपूट ठेवलंस. त्या सकाळी बेकरीवालीने धुक्यात तोंड घालून तुला किती हाका मारल्या. तू तेव्हा बसमध्ये होतीस. आईला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आम्हा पाचजणींना सांगावं असं तुला वाटलं नाही.

शर्यतीच्या दिवशी चौघी पळाल्या. माईकवरून सगळ्या शाळांच्या बेरजा वाचल्या आणि आमच्यापाशी आल्यावर तो माणूस म्हणाला, “अपूर्ण संघ.” दुसऱ्या दिवशी मी संघ सांभाळणाऱ्या भूगोलाच्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, पाचवी मी. बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “पाय नंतर बघू.”

तुझं पत्र मी बेकरीवालीला देणार आहे. जसंच्या तसं, खोगीरभरतीसकट. मी तिला पटवणार नाही आणि अडवणारही नाही. ती गेली तर आम्ही पुन्हा चौघी. मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलंय की यंदा संघ अपूर्ण राहिला तर पुढच्या वर्षीपासून गाडी बंद, संघही बंद. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. दया यावी म्हणून नाही.

शेपूट


२० सप्टेंबर

ताई,

निकाल कळवते.

बेकरीवालीने तुझं पत्र गल्ल्यामागे उभं राहून वाचलं. हाताला पीठ होतं, त्याचे ठसे त्यावर उमटलेत. वाचून तिने ते पावांच्या ट्रेखाली सरकवलं आणि गिऱ्हाईक बघायला लागली. मला काहीच म्हणाली नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. सरावाला यायची, पुढे पळायची, हाक मारायची, घरी जायची. माझा जीव टांगणीला. जेवताना आई म्हणाली, “ताटातल्याशी भांडतेस का?” मी रोज ठरवायचे की तिच्या पाया पडायचं, आणि रोज फाटकापाशी पोचले की तोंडाला कुलूप. अडवणार नाही असं तुला लिहून बसले होते ना. हात दाखवून अवलक्षण.

तिच्या घरी दोन तट पडले. तिची आई म्हणे, “जा बाई. भट्टीपुढे मी भाजले तेवढी पुरे.” वडील म्हणाले, “पहाटेचा घाणा कोण काढणार?” आणि मग स्वतःच म्हणाले, “काढीन मी. जा.” म्हणजे वाट मोकळी होती, ताई. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, हे नीट वाच.

शेवटी काल खाणीवरून परतताना तिने मला विचारलं, “तिथे मागे कोण असतं गं?”

मी म्हटलं, “कुठे?”

“तुझ्या ताईकडे. पळताना ओरडलं तर मागून कोण म्हणतं?”

मी म्हटलं, “मला काय माहीत. ताईने लिहिलं नाही.”

“नाही ना लिहिलं?” ती म्हणाली. “मैदान लिहिलं, बूट लिहिले, दूध-अंडी लिहिली, हे नाही लिहिलं. म्हणजे कुणी नसतं.” आणि थोडं चालून म्हणाली, “मला मागून हाक आल्याशिवाय पळताच येत नाही. सवय वाईट. तुझ्या बहिणीनेच लावली.”

ती येत नाही. तुमच्या सरांना सांग, दुसरीकडे बघा.

तुला वाटेल मी आनंदाने नाचले. नाही. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडला आणि रडले, कारण आता मला खरंच पळावं लागणार. आजवर आपलं एक होतं, हरलो तर कारण तयार: आमची चांगली पोरगी पळवली. आता चांगली पोरगी आहे, दोघी जुळ्या बहिणी आहेत, चष्मा आहे. हरलो तर कारण मी. औषधांच्या दुकानातली ती चष्मा माझ्या पुढची, म्हणजे चौथी, आणि तिच्यात नि माझ्यात सध्या इतकं अंतर असतं की ती पोचून, चष्मा पुसून, घालून, वळून बघते तेव्हा मी दिसायला लागते.

पण शेपूट घालणारी मी नव्हे. नाव ठेवलंस म्हणून गुण लागत नाही.

शेपूट


१७ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर आलं. ‘हट्टी आहात सगळ्या. शर्यतीत भेटू, मग कळेल.’ भेटू की. आम्ही कुठे पळून चाललोय. म्हणजे पळूनच येतोय.

इकडची खबर. आईने आमचे सदरे शिवले. शाळेच्या सभागृहाचे पडदे बदलले, त्यातलं जुनं हिरवं कापड बाईंनी मागून आणलं. एका जुळीच्या पाठीवर पडद्याची दुमड आलीय, ती कितीही इस्त्री केली तरी जात नाही. आता गावात आम्हाला ‘पडदेवाल्या’ म्हणतात. चष्मा म्हणते, “बरं आहे, आपण आलो की पडदा उघडतो.” ती एरवी बोलत नाही, बोलली की असं काहीतरी.

जुळ्यांचे वडील शाळेची गाडी चालवतात. त्यांनी सांगितलंय की मुख्याध्यापक काही म्हणोत, चाक माझ्या हातात आहे. असं ते नुसतं म्हणतात, पण ऐकायला बरं वाटतं.

भूगोलाच्या बाई तशाच आहेत. पळणं त्यांना येत नाही, शिट्टीसुद्धा धड वाजत नाही. नकाशा मात्र येतो. शर्यतीच्या मैदानाचा नकाशा त्यांनी फळ्यावर काढला. आधी माळ, मग झाडीतला उतार, मग टेकडी, मग खाली शेवटच्या दोरीपर्यंत सरळ. टेकडीवर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे सगळ्या मरतात. तुम्ही इथे एकमेकींच्या नजरेत राहायचं. एकटी पुढे गेलीस तरी चालणार नाही आणि एकटी मागे राहिलीस तरी चालणार नाही.” पहिलं बेकरीवालीला होतं, दुसरं मला.

मी सुधारलेय. किती ते सांगत नाही. चष्मा आता चष्मा पुसते तोवर मी तिच्या अंगावर आदळते, एवढं पुरे. धुकं पडायला लागलंय. खाणीच्या कडेला माझा आवाज घुमतो, बाबा म्हणतात काट्यापर्यंत येतो. ते वजनकाट्याच्या खोलीत बसलेले असतात, पहिला ट्रक यायच्या आधी. एकदा म्हणाले, “तुझा आवाज आला की समजतं, सगळ्या आहेत.” तुझं नाव ते घेत नाहीत. पण काल जेवताना भिंतीकडे बघून विचारलं, “तिकडे थंडी फार असते का?” आई म्हणाली, “भिंतीला काय विचारता?”

तुझ्या पत्राच्या शेवटी होतं की नडगी दुखते पण ते काही विशेष नाही. आईने ते बरोबर पकडलं. म्हणते, धावायचं थांबव, मिठाच्या पाण्याने शेक, आणि तिथे कुणाला तरी सांग. मी हे लिहिणार नव्हते. तिने माझ्या पाठीमागे उभं राहून लिहायला लावलं.

मी माझं लिहिते: सांग कुणाला तरी. आणि सांगितलंस तरी मैदानात मी तुला सोडणार नाही.

शेपूट


१४ नोव्हेंबर

ताई,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. वाचता येईल असं खोडलंय.

तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ, तारीख नाही, सही नाही. ‘मला ओळखून पुढे गेलीस?’

हो. ओळखून.

आता माझं ऐक, कारण शर्यतीच्या दिवशी बोलणं झालंच नाही. निकाल ऐकून मी तुझ्याकडे येईपर्यंत तुम्हाला बसमध्ये बसवलं होतं.

सुरुवातीला तू सुटलीस ती बाणासारखी. माळावर सगळ्यांच्या पुढे तुझा तो पांढरा सदरा. आम्ही हिरव्या पाचजणी मागच्या घोळक्यात. तुमच्यातली एक आमच्याकडे बघून म्हणाली, “यांच्या घरी आता खिडक्या उघड्या असतील.” जुळ्या दोघी एकदम हसल्या, त्यांना विनोद आवडला. झाडीत उतरलो तेव्हा बेकरीवाली ओरडली, “मागे कोण?” कडेला उभी असलेली माणसं फिदीफिदी हसली. शर्यतीत कुणी हजेरी घेतं का? मी ओरडले, “मी!” हसू देत. झाडीत माझी हाक बाबांच्या काट्यापेक्षा लांब गेली असेल.

टेकडीच्या पायथ्याशी एकेक जण गळायला लागली, बाईंनी सांगितलं होतं तशी. मी कुणाला मागे टाकतेय हे बघतच नव्हते, समोर चष्म्याची पाठ, तेवढंच. आणि मग डाव्या अंगाला पांढरा सदरा दिसला. मला वाटलं तुमच्यातली कुणी असेल. तू असशील हे मनातच आलं नाही, तू पुढे असतेस. मग पाऊल पाहिलं. उजवं टेकवायचं, डावं नुसतं लावायचं. लहानपणी काचेवर पाय पडला होता तेव्हा अशीच चालायचीस, भिंतीला धरून.

तेवढ्यात वरून बेकरीवाली ओरडली, “मागे कोण?”

आणि मला उत्तर देता येईना. दम होता. आवाज गेला होता. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि वरून पुन्हा, “मागे कोण?” आणि मी तशीच.

मग काय झालं ते तुलाही दिसलं असेल. चष्मा थांबली. भर शर्यतीत, चढावर, थांबली आणि मागे वळून खाली यायला लागली! तिच्यामागे धाकटी जुळी. नाही आलं उत्तर की थांबायचं, अंगात मुरलंय ना ते. इकडच्या तिकडच्या पोरी त्यांच्या बाजूने पटापट वर जाताहेत, आणि टेकडीवरून भूगोलाच्या बाई छत्री नाचवत किंचाळताहेत, “अगं बायांनो, परत कुठे निघालात! दिशा विसरलात का!” असला मूर्खपणा जगात दुसऱ्या कुठल्या संघाने केला नसेल.

तेव्हा मला आवाज फुटला. “मी आहे! पळा गं, मी आहे!”

आणि मी तुझ्या पुढे गेले. मला कळत होतं की हे लंगडतं पाऊल मी मागे टाकतेय आणि ते तुझं आहे. थांबून हात द्यावा असं वाटलं का? वाटलं. पण चष्मा माझ्यासाठी उलटी फिरली होती, ताई. आता मी थांबले असते तर तिने काय करायचं?

उतारावर मी तुझा श्वास मागे ऐकत होते. तू सोडलं नव्हतंस. दोरी दिसली. बेकरीवाली पोचून तिथेच उभी, तिला पाणी देणाऱ्यांना बाजूला ढकलत होती. जुळ्या पोचल्या, चष्मा पोचली. आणि बेकरीवाली गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, “मागे कोण?”

मी तोंड उघडलं. आणि माझ्या मागून आवाज आला,

“मी!”

फाटका आवाज. वर्षभर ज्याला कुणी काही विचारलं नाही तसा. तू काय बोललीस ते तुला तरी कळलं का, मला माहीत नाही. सगळ्यांत मागे असेल तिने म्हणायचं, असा आपला नियम, आणि त्या क्षणी तू मागे होतीस. मी वळून पाहिलं नाही. उत्तर आलं की पळायचं. मी पळाले.

मी सोळावी. तू सतरावी. आमची बेरीज बावन्न, तुमची त्रेपन्न. आपण दोघी उलट्या पोचलो असतो तर बावन्न तुमची झाली असती. माईकवरच्या माणसाने आमच्या शाळेचं नाव दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा त्याचाच विश्वास बसला नाही. जुळ्यांचे वडील गाडीचा भोंगा वाजवत राहिले, शेवटी पोलीस आला. आई रडली, आणि रडता रडता धाकट्या जुळीच्या बाहीची उसवलेली शिवण बघत होती. मुख्याध्यापक आता सगळ्यांना सांगतात की त्यांना पहिल्यापासून खात्री होती.

लोक म्हणतात, त्यांच्या चांगल्या पोरीचा पाय गेला म्हणून यांचं फावलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असंही एकजण म्हणाला. म्हणू देत. एका पोरीची नडगी दुखली आणि सगळा संघ खाली बसला, तर तो संघ होता की तिच्या पायाला बांधलेलं ओझं? आमच्यातली एक नुसती गप्प झाली तर दोघी उलट्या फिरल्या. तुझ्या पुढे तुझ्या चौघी होत्या, ताई. मी टेकडीवरून सगळं पाहिलं. त्यातल्या एकीनेही मान वळवली नाही. पहिली आली ती तर तिसऱ्याच शाळेची. तिला तुम्ही कोण हेसुद्धा माहीत नव्हतं.

मला वाईट वाटतं का? तुझ्या पायाचं वाटतं. पुढे गेले त्याचं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन, आणि तुझा पाय बरा असताना गेले तर जास्त आवडेल.

बाबा टेकडीपाशी उभे होते, ते तुला दिसले नसतील. घरी येताना गाडीत त्यांनी विचारलं, “शेवटी उत्तर कुणी दिलं?” मी म्हटलं, “ताईने.” त्यांनी तुझं नाव घेतलं. वर्षात पहिल्यांदा. नुसतं नाव, पुढे काही नाही. मग खिडकीची काच खाली केली आणि गार वारा आत येऊ दिला, कुणी तक्रार केली नाही.

आई म्हणते, सुट्टीत ये, पाय दाखवू. तिने सांगितलं म्हणून लिहिलं असं आता म्हणत नाही. मीही म्हणते. फाटकापाशी आम्ही रोज असतो, धुकं आहेच. फक्त एक सांगून ठेवते, तुझी जुनी पुढची जागा बेकरीवालीची झालीय, ती मिळणार नाही. मधल्याही भरल्यात.

शेवटची रिकामी आहे. मी तिथे आता थांबत नाही.

नडगी बरी होईपर्यंत तिथून पळ. हाक आली की काय म्हणायचं ते तुला येतं.

शेपूट
(हे नाव मी सोडलेलं नाही. तुला हवं असेल तर मागे ये आणि मागून घे.)